पेन्सिलीनं वाचायची पुस्तकं

कोल्हापूरवरचं एखादं पुस्तक घरात आलं की आबा, म्हणजे माझे आजोबा, आधी पेन्सिलीला टोक काढायचे. दाढीच्या जुन्या पात्यानं, दारातल्या पायरीवर बसून, सालं वर्तमानपत्रावर पाडत. मग चष्मा, मग पुस्तक. तेही पहिल्या पानापासून नाही. असल्या पुस्तकात कुठंतरी पिवळट कागदाचं शुद्धिपत्र खुपसलेलं असतं, ते आधी बाहेर काढायचं. "बघू, स्वतःहून किती कबूल केलंय," म्हणायचे. जे कबूल केलेलं नसेल ते शोधणं हे त्यांचं काम.

आबा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. जन्मभर दुसऱ्यांच्या वजनाचे आकडे तपासले, निवृत्तीनंतर दुसऱ्यांचा इतिहास तपासायला घेतला. अडतीवरची सवय अशी की प्रत्येक नोंदीखाली तारीख घालायची. समासात साधा 'चूक' एवढा शब्द लिहिला तरी खाली तारीख.

आमच्या फडताळातली ही पुस्तकं पाहुण्यांना दाखवण्यासारखी मुळीच नाहीत. निवृत्त मुख्याध्यापकांनी फंडाचे पैसे घालून छापलेला पेठेचा इतिहास. तालमीच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका, जिच्यात अर्धी पानं सोनार, मिसळवाले आणि मंडप डेकोरेटर यांच्या शुभेच्छांची. कुठल्याशा बोर्डिंगचा जुना वृत्तांत. एका प्राध्यापकाचा प्रबंध, ज्यात तळटिपा मजकुरापेक्षा तब्येतीनं जास्त. आणि शाहू महाराजांवरची पुस्तकं, ती तर कोल्हापुरात घरटी असतात. महाराज ६ मे १९२२ ला गेले आणि दोनच वर्षांत अण्णासाहेब लठ्ठ्यांनी लिहिलेलं इंग्रजी चरित्र छापून आलं. तेव्हापासून हा ओघ आटलेला नाही. वाचायची हौस त्याहून जुनी. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, रेल्वे आली १८९१ ला. म्हणजे कोल्हापुरात गाडीच्या आधी एक्केचाळीस वर्षं वाचनालय होतं, हे आबा पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे पुण्याचे असले तर दोनदा.

फ्रेंच राज्यक्रांतीवरचं पुस्तक आपण गुमान वाचतो. लेखक म्हणेल ती तारीख, लेखक म्हणेल तो राजा. पण गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर कुणी चार ओळी लिहिल्या, की ज्यानं ज्यानं तिथं उभ्यानं ग्लासभर धारोष्ण दूध प्यायलंय त्याला आपली साक्ष नोंदवल्याशिवाय चैन पडत नाही. म्हशी कुठल्या बाजूला बांधत इथपासून सुरुवात होते. मला वाटतं, गावाच्या इतिहासाचं पुस्तक लिहिणाऱ्याला परीक्षकांची भीती नसावी. भीती असणार ती समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याची.

गुळाच्या प्रकरणात आबांनी एका लेखकाचे जे हाल केले ते मी डोळ्यांनी पाहिलेत. शाहूपुरीची पेठ महाराजांनी १८९५ साली वसवली आणि गुळाचा बाजार तिथं वाढला, इथपर्यंत आबांची पेन्सिल कानावर होती. पुढं लेखक म्हणतो, बाजारात गुळाच्या 'ढेपा' यायच्या. आबांनी 'ढेपा' खोडून लिहिलं, 'रवे'. गुळाच्या ढेपेला आमच्याकडं रवा म्हणतात. पुढच्या पानावर परत ढेप, परत 'रवा'. असं अकरा ठिकाणी. बाराव्या ठिकाणी समासात मोठ्या अक्षरांत, 'रवा हो, रवा!' आणि खाली तारीख. त्याच प्रकरणात गूळ झाला की नाही हे 'तापमानावरून ठरवतात' असं वाक्य आहे. त्याच्यापुढं आबांची टीप: 'गुळव्या ठरवतो.' हे मात्र त्यांचं अगदी बरोबर. लहानपणी मामांच्या गुऱ्हाळावर मी पाहिलंय. चिपाडावर चुलवाण ढणढणतंय, काहिलीतला रस फसफसून वर चढतोय, आणि गुळव्या चमच्याभर पाक काढून गार पाण्यात सोडतो, बोटांत घोळवतो, गोळी होते का बघतो. दोन वेळा मान हलवून 'नाही' म्हणतो. तिसऱ्यांदा काहीच बोलत नाही, नुसता हात वर करतो, आणि चार माणसं धावतात. अख्खं आदण त्या एका हाताच्या भरवशावर. पुस्तकात तो हात नव्हता, तेवढंच आबांचं म्हणणं.

ब्रह्मपुरीची गोष्ट अशीच. पंचगंगेच्या काठच्या या टेकाडावर १९४५-४६ साली उत्खनन झालं. सातवाहनांच्या काळची वस्ती निघाली. याच ब्रह्मपुरीत सापडलेली ब्राँझची एक लहानशी मूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. मूर्ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. घाटाच्या पलीकडून, रोमशी चाललेल्या व्यापाराच्या ओघात तो इथवर आला आणि राहिला. समुद्र नसलेल्या गावात समुद्राचा देव करतोय काय, असं मला शाळेत असताना वाटायचं. अलीकडं दर दोन-चार वर्षांनी पंचगंगेचं पाणी ज्या पद्धतीनं गावात फिरून जातं ते बघता तो आगाऊ नेमणुकीवर आला असावा. तर त्या उत्खननाबद्दल पुस्तकात शेवटी शिरस्त्याप्रमाणे एक वाक्य आहे, 'स्थानिकांनी सहकार्य केले.' आबांची टीप: 'मी होतो. वय १२. खड्ड्यात उतरू दिले नाही.'

हा रोग मलाही लागला. कॉलेजात असताना एका वाचनालयाच्या पुस्तकात मी अशीच टीप लिहिली आणि परत करताना सापडले. ग्रंथपालांनी खणातून खोडरबर काढला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "पुसा." पुसायला पान उघडलं. त्यांनीही वाकून वाचलं. टीप आमच्या पेठेतल्या एका विहिरीबद्दल होती, ती कधी बुजवली आणि वर कुणाचं दुकान झालं त्याबद्दल. त्यांनी खोडरबर परत खणात टाकला. "फिकट लिहीत जावा," म्हणाले.

आबांनंतर घरातली साक्ष आत्तीकडं आली. तिला वाचायचा कंटाळा. ती वाचून घेते आणि ऐकता ऐकता दुरुस्त करते. काही वर्षांपूर्वी एक मुलगी कोल्हापूरच्या बायकांच्या गाण्यांवर काम करत होती. पंचमीच्या झिम्मा-फुगडीची गाणी विचारायला आमच्याकडं आली, आत्तीला दोन दुपारी बोलतं केलं, चहा-पोहे झाले. पुढं तिचा लेख एका संग्रहात आला. चांगला होता. मी आत्तीला वाचून दाखवला. 'मी पहाटे उठून दूध आणायला जायचे, येताना गाणं म्हणायचे.' आत्तीनं मला थांबवलं.

"ही कोण बाई बोलाय लागलीया?"

"तूच. तुझी मुलाखत आहे ही."

"मी कधी 'जायचे' म्हटलोय? मी 'जायचो' म्हटलो होतो."

खरंच. कोल्हापूरची बाई 'मी आलो', 'मी गेलो', 'मी जेवलो' म्हणते, आणि त्यात तिला काही वेगळं केल्यासारखं वाटत नाही. बाहेरचे हसतात. लग्न करून पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरी पहिल्या सहा महिन्यांत 'आले-गेले' शिकून घेतात आणि माहेरच्या स्टँडवर उतरल्या की परत 'आलो' होतात. त्या मुलीनं बिचारीनं नीट छापलं जावं म्हणून सरळ केलं असणार. पण गाणी जपायला निघालेल्या लेखातून गाणारीचं क्रियापदच गळालं. आणि मी कुणाला नावं ठेवतेय? हा लेख लिहितानाही 'मी सापडले' असंच लिहिलंय. घरी मात्र सापडलो होतो.

आता चहाच्या पानाबद्दल.

शाहू महाराजांवरच्या पुस्तकांत सगळ्यांना पाठ असलेले हुकूम येतात. २६ जुलै १९०२ चा, सरकारी नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांना देण्याचा. महाराज तेव्हा विलायतेत होते. १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा, पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड असलेला. मराठ्यांसाठी बोर्डिंग १९०१, मुसलमान मुलांसाठी १९०६, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८. आम्ही हे परीक्षेला घोकलंय. माझी एकच तक्रार असते, की हुकूम निघाला आणि समाज बदलला, असं दोन ओळींत उरकतात. त्या दोन ओळींच्या मधे माणसं रस्त्यानं चाललेली असतात.

गंगाराम कांबळ्यांची हकीकतही त्याच पुस्तकांत असते. ते महाराजांच्या पागेत नोकरीला. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढून दिलं. नाव 'सत्यसुधारक'. सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, हॉटेलपुढं थांबवून चहा मागवू लागले, स्वतः घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले.

कोल्हापुरात ज्याला त्याला विचारा, त्याचे पणजोबा त्या हॉटेलात चहा प्यायलेले असतात. सगळ्यांचं खरं धरलं तर ते हॉटेल कुस्त्यांच्या खासबाग मैदानाएवढं असायला हवं. माझेही पणजोबा प्यायले होते. नववीत असताना शाहू जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी ते हावभावांसकट सांगितलं होतं: पणजोबा कपबशी कशी उचलतात, बशीत चहा कसा ओततात. दुसरा नंबर आला. आबा पहिल्या रांगेत बसले होते. घरी जाताना त्यांनी मला मिसळ खाऊ घातली. बाकी काही बोलले नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्याही वर गेलं. आमचं घर शुक्रवार पेठेच्या उताराला. पाणी जामदार क्लबपर्यंत आलं की आम्ही गाद्या माळ्यावर टाकायला घेतो. त्या वर्षी गाद्या वाचल्या, फडताळाचा खालचा कप्पा राहून गेला. पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत होतं. ओसरल्यावर चिखल उपसला आणि पुस्तकं गच्चीत उन्हाला टाकली. पानं एकमेकांना चिकटलेली, मधे मधे जुना कागद घालून सुटी करायची. भेट म्हणून लेखकांनी शाईनं केलेल्या सह्या पसरून निळे ढग झाले होते. 'सस्नेह' एवढं एक कुठंतरी वाचता येत होतं. वाचनालयातून बाद झालेल्या पुस्तकांचे जांभळे शिक्के धुऊन गेले होते. पेन्सिल मात्र होती तशी होती. एकूण एक टीप. 'रवा हो, रवा!' तर आदल्या दिवशी लिहिल्यासारखी ठसठशीत.

त्या गच्चीत सुटं करताना गंगाराम कांबळ्यांचं पान आलं. समासात आबांचं अक्षर, नेहमीपेक्षा बारीक, फिकट.

'वडील रोज त्या रस्त्याने जात. थांबले नाहीत.'

खाली तारीख होती. २८ जून. साल माझ्या नववीचं.

भाचा शेजारी बसून पानांवर पुठ्ठ्यानं वारा घालत होता. त्यानं वाचलं आणि विचारलं, "कोण थांबले नाहीत?" मी सांगितलं. तो थोडा वेळ वारा घालत राहिला. मग म्हणाला, "चहा आवडत नव्हता त्यांना?"

मी म्हटलं, आवडायचा. घरी दिवसातून पाच वेळा व्हायचा.

हा लेख धाडायच्या आधी आत्तीला वाचून दाखवला. ती गादीवर पाय पसरून, डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली. संपल्यावर तिनं डोळे न उघडता दोन दुरुस्त्या सांगितल्या, आणि त्या आपणहून कबूल करणं बरं.

शुद्धिपत्र: पुराच्या परिच्छेदात 'तिसऱ्या पायरीपर्यंत' ऐवजी 'चौथ्या पायरीपर्यंत' असे वाचावे, तिसरीवर आत्तीची चप्पल होती, तीही गेली. तसेच संपूर्ण लेखात जिथे जिथे मी 'सापडले' आहे, तिथे 'सापडलो' असे वाचावे.