अडलेल्या हवेसाठी पंखा निवडताना: मला हवा होता फक्त एक आलेख

कॉम्प्युटरच्या पंख्याच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा फेकली जाते तो. दुसरा स्टॅटिक प्रेशरचा, म्हणजे अडथळ्यातून हवा रेटणाऱ्या दाबाचा, मिलिमीटर पाण्यात. घेणारा माणूस या दोन आकड्यांवर निवड करतो, कारण त्याच्यासमोर दुसरं काही ठेवलेलंच नसतं. माझा राग यावरच आहे. हे दोन्ही आकडे ज्या स्थितीत मोजलेले असतात, त्या स्थितीत तुमच्या कॅबिनेटमधला पंखा एक क्षणही चालणार नसतो.

सीएफएम मोजतात तेव्हा पंख्यासमोर कसलाही अडथळा नसतो. प्रेशरचा आकडा मोजतात तेव्हा हवेला बाहेर पडायला वाटच नसते, प्रवाह शून्य असतो. रिकाम्या गाडीचा वेग आणि चिखलात रुतलेल्या गाडीला लावलेला जोर, असे हे दोन आकडे. भरलेली गाडी चढावर किती वेगाने जाईल, ते यातून कळत नाही.

माझ्या कॅबिनेटची पुढची बाजू काचेची. हवा आत येते ती काचेच्या दोन्ही कडांच्या बोटभर फटींतून. त्यामागे बारीक नायलॉनची धूळजाळी, जाळीमागे १२० मिमीचे दोन पंखे आणि पंख्यांमागे लिक्विड कूलरचा २४० मिमीचा रेडिएटर, म्हणजे ज्यात तापलेलं पाणी हवेने थंड होतं तो भाग. तीन अडथळे एकामागे एक. कॅबिनेटसोबत आलेले पंखे पूर्ण वेगाने घोंगावत होते, तरी ग्राफिक्स कार्ड ८० अंशांच्या खाली येत नव्हतं.

नवा पंखा शोधण्याआधी मी अडथळाच मोजला. तुम्हीही हेच आधी करा. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्यांचा वेग एका आकड्यावर बांधून टाका, प्रत्येक वेळी तोच भार द्या आणि आलेल्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करून लिहा. लिक्विड कूलर असेल तर निदान अर्धा तास थांबा, पाणी तापायला आणि स्थिरावायला वेळ घेतं. पाच मिनिटांतले आकडे खोटा दिलासा देतात. मी आधी काच काढली, मग जाळी. काच निघाल्यावर कार्ड ८ अंशांनी उतरलं, जाळी काढल्यावर आणखी २. म्हणजे मोठा अडथळा ज्या जाळीला सगळे दोष देतात ती नव्हती, शोभेची काच होती. रबरी बूच लावून काच १० मिमी पुढे घेतली आणि पंखा न बदलताच निम्मं काम झालं. जाळी मात्र ठेवली. धूळ रेडिएटरच्या पातळ पात्यांत बसण्यापेक्षा जाळीवर बसलेली बरी, तिथून ती धुऊन निघते.

उरलेल्या अडथळ्यासाठी पंखा निवडायचा, इथे माझं घोडं अडलं.

प्रत्येक पंख्याचा एक आलेख असतो. आडव्या अक्षावर प्रवाह, उभ्यावर दाब. डावीकडे वर, प्रवाह शून्य असताना सर्वांत जास्त दाब; उजवीकडे खाली, दाब शून्य असताना सर्वांत जास्त प्रवाह. खोक्यावरचे दोन आकडे म्हणजे या रेषेची फक्त दोन टोकं. कॅबिनेटचीही स्वतःची रेषा असते. ती शून्यातून निघते आणि वर चढत जाते, कारण प्रवाह दुप्पट करायचा तर फटी आणि जाळ्यांतून साधारण चौपट दाब लागतो. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे तुमचा पंखा चालतो. त्यामुळे टोकांपेक्षा रेषेचा मधला भाग महत्त्वाचा. या मधल्या भागात बऱ्याच पंख्यांची रेषा वाकते, खाली बसते. तिथे हवा पात्यांना धरून वाहत नाही, सुटते. प्रवाह पडतो आणि आवाज खरखरीत होतो. कोणत्या पंख्याची रेषा कुठे बसते, हे दोन टोकांकडे बघून कुणालाही सांगता येणार नाही.

मला पसंत पडलेल्या पंख्याचा आलेख कंपनीच्या पानावर नव्हता. दोन आकडे होते, रंगीत दिव्यांचे फोटो होते आणि हवेच्या निळ्या बाणांचं चित्र होतं. मी ग्राहक सेवेला सरळ लिहिलं: या मॉडेलचा दाब-प्रवाह आलेख पाठवा, पूर्ण वेगाचा आणि जमल्यास निम्म्या वेगाचाही.

उत्तरात त्याच पानाची लिंक आली. मी पुन्हा लिहिलं, की पान वाचूनच लिहितो आहे, पानावर आलेख नाही. यावर कळवलं, की 'या पंख्याचा स्टॅटिक प्रेशर उच्च असल्यामुळे तो रेडिएटरसाठी उत्तम आहे'. किती प्रवाहाला किती दाब, हा माझा प्रश्न तसाच. मग मला खरेदीची पावती आणि सीरियल नंबर मागितला गेला. पंखा मी घेतलाच नव्हता. घ्यावा की नाही, हेच तर विचारत होतो. तसं कळवल्यावर काही दिवस शांतता, आणि मग आपोआप आलेला संदेश: प्रतिसाद न मिळाल्यामुळे तक्रार बंद केली आहे. प्रतिसाद मी दिला होता आणि ती तक्रारही नव्हती. पुन्हा उघडायला लावलं तेव्हा वेगळ्या व्यक्तीने नम्रपणे कळवलं, की ही माहिती अंतर्गत आहे, देता येणार नाही.

हे वाचून मी खरंच संतापलो. दाबाचं टोक मोजायला जो हवेचा चेंबर लागतो, त्याच चेंबरमध्ये मधले बिंदू मोजले जातात. त्यासाठी आयएसओ ५८०१ आणि अॅम्का २१० अशी मानकं आहेत, नवं काही शोधायचं नाही. सान्यो डेन्की, डेल्टा, ईबीएम-पाप्स्ट यांसारख्या औद्योगिक पंखे बनवणाऱ्या कंपन्या डेटाशीटमध्ये हा आलेख रीतसर छापतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक इंजिनिअर असतं आणि आलेखाशिवाय ते ऑर्डरच देत नाही. घरच्या माणसाला मात्र बाणांचं चित्र पुरेसं आहे, असं समजलं जातं. जो आकडा जाहिरातीत छापता, तो ज्या रेषेवरून उचलला ती रेषा गुप्त कशी?

आवाजाच्या आकड्याचीही तीच गत होती. आवाज पट्ट्यात दिलेला, अमुकपासून तमुकपर्यंत, पण पट्ट्याचं खालचं टोक सर्वांत मंद वेगाचं आणि प्रेशरचा आकडा पूर्ण वेगाचा. दोन्ही शेजारी छापले की वाटतं, हा पंखा शांतही आहे आणि जोरदारही. एकाच वेळी तो दोन्ही नसतो. प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. २००० आरपीएमला (मिनिटाला २००० फेऱ्यांना) २.३४ मिमी देणारा पंखा १२०० ला आणलात की प्रवाह ६० टक्के उरतो, पण दाब फक्त ३६ टक्के, म्हणजे सुमारे ०.८४ मिमी. शिवाय वेगात १० टक्के इकडेतिकडे चालतं असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि वर्गामुळे तेच दाबात साधारण २० टक्के होतात. दोन खोक्यांवरच्या दाबात दहाव्या हिश्श्याचा फरक दिसला तर त्यावर निर्णय घेऊ नका.

शेवटी मी तो पंखा यादीतून काढला आणि स्वतःसाठी नियम केला: आलेख दिसेल त्याच पंख्याचा विचार करायचा. नॉक्टुआ या कंपनीच्या तीन पंख्यांवरून मुद्दा लख्ख कळतो, म्हणून त्यांचेच आकडे देतो. एनएफ-एस१२ए मोकळ्या हवेसाठी: १२०० आरपीएम, तासाला १०७.५ घनमीटर, दाब फक्त १.१९ मिमी. एनएफ-एफ१२ दाबासाठी: १५०० आरपीएम, ९३.४ घनमीटर, २.६१ मिमी. आणि २०१८ साली आलेला एनएफ-ए१२×२५: २००० आरपीएम, १०२.१ घनमीटर, २.३४ मिमी.

नुसत्या प्रेशरवर निवड करणारा माणूस एफ१२ उचलेल, कारण तिघांत तिथलाच आकडा मोठा. पण एफ१२ आणि ए१२×२५ यांची टोकं बघा. एकाचा दाब जास्त, दुसऱ्याचा प्रवाह जास्त. म्हणजे त्यांच्या रेषा मध्ये कुठेतरी एकमेकींना ओलांडणारच. माझं कॅबिनेट त्या ओलांडण्याच्या डावीकडे बसतं की उजवीकडे, एवढ्याच प्रश्नावर निवड ठरते. आरपीएम वेगळे आहेत म्हणून तुलना चुकीची, असंही नाही. पूर्ण वेगाला एकाचा आवाज २२.४ डीबीए आणि दुसऱ्याचा २२.६, जवळजवळ सारखाच. कानाला आरपीएम ऐकू येत नाही, आवाज ऐकू येतो. म्हणून तुलना नेहमी सारख्या आवाजावर करा. आलेखात मधल्या पट्ट्यात ए१२×२५ वरचढ दिसला. मी तोच घेतला. त्याच्या पात्यांचं टोक आणि चौकट यांत फक्त अर्ध्या मिलिमीटरची फट आहे. अडलेली हवा टोकावरून मागे निसटते ती या फटीतून, आणि ती जितकी कमी तितका दाब टिकतो.

खरेदी, पोहोच, जुने पंखे काढणं, सगळं विनासायास झालं. बसवताना एक गोष्ट मात्र मुद्दाम तपासली. टिश्यू पेपरची करंगळीएवढी पट्टी कापून पंख्याची चौकट आणि रेडिएटर यांच्या सांध्याजवळ धरली. सांधा घट्ट असता तर पट्टी स्थिर राहायला हवी होती. ती बाहेरच्या बाजूला फडफडत होती. रेडिएटरमधून न जाता हवा कडेनेच पळत होती, तीही वरच्या डाव्या कोपऱ्यात जास्त, कारण तिथे रेडिएटरची कड किंचित वाकलेली. चौकटीभोवती फोमची पातळ चिकटपट्टी लावली, स्क्रू कर्णाच्या क्रमाने थोडे थोडे आवळले आणि टिश्यूची पट्टी न फडफडता लोंबकळत राहिली. ही चाचणी प्रत्येकाने करावी. एवढ्या विचाराने कमावलेला दाब कोपऱ्यातून वाया जाणं मला तरी सहन झालं नसतं.

आता तोच भार, तीच जाळी, काच पुढे घेतलेली, आणि पंखे १३०० आरपीएमवर. कार्ड ७० च्या आसपास राहतं आणि रात्री शेजारी बसून वाचता येतं. मला याचा मनापासून अभिमान आहे.

सुरुवातीलाच सांगायला हवं होतं ते आता आठवतंय: आधी जागा मोजा. १२० मिमीच्या पंख्याची स्क्रूची भोकं एकमेकांपासून १०५ मिमीवर असतात आणि नेहमीची जाडी २५ मिमी. १५ मिमीचे पातळ पंखे मिळतात, पण अडलेल्या हवेत ते लवकर दमतात. जागाच नसेल तरच घ्या. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना पंखे लावायचा विचार असेल तर त्याने दाब वाढतो, मोकळा प्रवाह नाही. अडथळा दाट असेल तरच उपयोग. आणि पंखा हवा ज्या बाजूने ओढतो त्या बाजूला जाळी पात्यांना अगदी चिकटून असेल तर शिट्टीसारखा सूर येतो. मध्ये काही मिलिमीटरची चौकट घातली की तो सूर बराच कमी होतो. माझ्याकडे ती पंख्यांपेक्षा आधी बसली.

चार पिनांचा पीडब्ल्यूएम पंखा घ्या, ज्याचा वेग व्होल्टेज न बदलता विजेच्या स्पंदांनी ठरतो, आणि बायोसमध्ये त्याचं हेडर, म्हणजे मदरबोर्डवरची पंखा जोडायची जागा, डीसीवर (व्होल्टेज बदलून वेग ठरवण्यावर) नाही ना, ते बघा. एका हेडरवर दोन पंखे जोडताना दोघांच्या अँपिअरची बेरीज करा. बहुतेक मदरबोर्डवर मर्यादा १ अँपिअरची असते, पण आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेत पाहूनच जोडा. जाळी धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, ओली जाळी धूळ चिकटवून घेते. आणि कंपनीला लिहायचंच असेल तर पहिल्याच ओळीत लिहा, की पंखा अजून घेतलेला नाही, आलेख मिळाला तर घेईन.