वाढलेला आकडा, मंदावलेली ग्रंथी

गेल्या वैशाखात इंदूर तापलेले असताना आई भर दुपारी पंखा बंद करायला सांगून शाल ओढून बसू लागली. चेहरा सुजट दिसत होता, आवाज जड झाला होता आणि रामबागेतल्या घराचा एक जिना चढतानाही तिला दोनदा थांबावे लागत होते. हे सारे आम्ही वयाच्या खात्यावर टाकले. शेवटी रक्त तपासले, तेव्हा टीएसएच १८ आले. सर्वसाधारण पातळी ०.४ ते ४ च्या आसपास मानली जाते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वहिनी, तुमचा थायरॉइड वाढलाय." आईच्या मनात हेच वाक्य पक्के बसले. श्रावणात आकडा ३ वर आला, तेव्हा वाढलेले उतरले असे समजून तिने डॉक्टरांनी सुरू केलेली थायरॉइडची गोळी बंद केली.

चूक तिची नव्हती. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, पण तो आकडा नेमका कशाचा आहे हे मी तिला एकदाही नीट सांगितले नव्हते, याची मला खंत आहे.

टीएसएच हे अवटू ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, संप्रेरकच नव्हे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून येते आणि गळ्यातल्या फुलपाखराच्या आकाराच्या अवटू ग्रंथीला काम करण्याचा आदेश देते. पीयूषिकेच्या वर असलेला मेंदूचा अधश्चेतक हा भाग तिला टीआरएच नावाचा संदेश पाठवतो. रक्तात थायरॉइडची संप्रेरके पुरेशी असली की हे दोघेही हात आखडता घेतात, आणि ती कमी पडू लागली की पीयूषिका आदेशाचा जोर वाढवत जाते. ही यंत्रणा इतकी संवेदनशील आहे, की टी४ हे थायरॉइडचे मुख्य संप्रेरक थोडेसे उतरले तरी टीएसएच कित्येक पटींनी वाढते. म्हणून आईच्या अहवालातला १८ हा आकडा ग्रंथी जास्त काम करत असल्याचा नव्हता. ती प्रतिसाद देत नसल्यामुळे पीयूषिकेने पुन्हा पुन्हा घातलेल्या सादेचा होता.

ग्रंथी मंदावण्याचे कारण आईच्या बाबतीत हाशिमोटोचा आजार हे निघाले. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच अवटू ग्रंथीवर उलटते. त्यामुळे आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन तो बरा होत नाही. हेही मला सांगावे लागले, कारण आईने आमटीत मीठ वाढवायला सुरुवात केली होती.

ग्रंथीतून मुख्यतः टी४ बाहेर पडते, ज्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. यकृत, मूत्रपिंड आणि इतर ऊतींमध्ये त्यातला एक अणू काढला जातो आणि टी३ तयार होते. खरे काम तेच करते. ते पेशीच्या केंद्रकात शिरून कोणती जनुके किती चालवायची हे बदलते, पेशींचा ऊर्जेचा खर्च वाढवते आणि त्यातूनच शरीरात उष्णता निर्माण होते. वैशाखातली शाल इथे समजते. अ‍ॅड्रिनॅलिन काही सेकंदांत छाती धडधडायला लावते. थायरॉइडचा कारभार मात्र दिवसांचा आणि आठवड्यांचा आहे. टी४ चे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. आईच्या गोळीतही टी४च असते. म्हणूनच ती बंद केल्यावर पहिले काही दिवस आईला काहीच जाणवले नाही, आणि "बघ, गोळीची गरज नव्हतीच," असे ती मला खात्रीने सांगू शकली. दिवाळीचा फराळ करताना झारा धरून उभे राहवेना, तेव्हा पुन्हा तपासणी झाली. टीएसएच १४ होते.

आता गोळी सकाळी सहा वाजता, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेतली जाते. इंदूरच्या घरात सकाळी उठल्याबरोबर चहा आणि पाठोपाठ पोहे हा क्रम मोडणे सोपे नव्हते, पण अन्नामुळे आणि कॉफीमुळेही हे औषध आतड्यातून कमी शोषले जाते, म्हणून चहा पाऊण तासाने होतो. कॅल्शियमची गोळी, जी आई पूर्वी हिच्याबरोबरच गिळत असे, आता रात्री जेवणानंतर घेते. कॅल्शियम आणि लोह या औषधाला आतड्यातच बांधून ठेवतात, त्यामुळे दोन्हींत किमान चार तासांचे अंतर लागते.

पंधरा दिवसांतच पुन्हा रक्त तपासू या, असा आग्रह बाबांनी धरला होता. नवा डोस रक्तात स्थिरावायला आणि पीयूषिकेला तो उमगायला सहा ते आठ आठवडे जातात, त्याआधीचा आकडा दिशाभूल करू शकतो, हे त्यांना पटले. तपासणी आता दत्तजयंतीच्या आठवड्यात आहे. त्या सकाळी रक्त देऊन झाल्यावरच आई गोळी घेणार आहे, कारण गोळीनंतर काही तास रक्तातले टी४ तात्पुरते वर दिसते.