आमची वाटचाल : तीस लाखांचं मशीन बेचाळीसला

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ टाकून सुरुवात केली. पुढं शिरोलीत शेड झाली, व्हीएमसी (वरून कापणारी संगणकी मशीनं) आले. त्या वर्षांचं काय सांगायचं, काम येत होतं, जात होतं. सांगायचंय ते २०१९ चं.

फौंड्रीवाले अण्णा आमचं पहिलं गिऱ्हाईक. गिअरबॉक्स हाउसिंगचं, म्हणजे गिअरच्या कवचाचं, काम देतो म्हणाले, पण चारी बाजू एका सेटिंगला, एकदाच बांधून, झाल्या पाहिजेत. म्हणजे एचएमसी आलं, आडवं कापणारं, नग फिरवून चारी बाजू करणारं मशीन. नव्याचं कोटेशन बघून मी चहा अर्धा टाकून उठलो. जपानातलं २००७ चं, दोन पॅलेटचं (नग बांधायचे दोन पाट) मशीन मिळत होतं, भाडं-विम्यासकट ३० लाखांना.

आयातीची ड्युटी मला पाठ होती. बेसिक साडेसात टक्के, त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यासकट रकमेवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. एकूण ८ लाख ३२ हजार. त्यातले ५ लाख ८५ हजार क्रेडिटला येणार, म्हणजे पुढं भरायच्या जीएसटीतनं वळते होणार, म्हणून ते मी धरलेच नव्हते. इथंच फसलो. क्रेडिट मिळतं, पण बंदरात आधी रोख मोजावी लागते, आणि आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्याचं ते वळतं व्हायला महिनोन्‌महिने जातात.

त्यात किमतीचं लफडं. जुन्या मशीनला नुसतं इन्व्हॉइस चालत नाही. चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो, साल कुठलं, नवं असताना किंमत काय, आजची अवस्था काय. विकणाऱ्यानं जुन्या किमतीचा कागद दिलाच नव्हता आणि मीही मागितला नव्हता. मग कस्टमवाल्यांनी नव्याच्या किमतीला घसारा लावून किंमत काढली. हा घसारा तिमाहीच्या हिशेबानं चढतो, पण ७० टक्क्यांवर थांबतो, मशीन कितीका जुनं असेना. नव्याची किंमत धरली १ कोटी ३० लाख, त्याचे ३० टक्के ३९, वर भाडं-विमा. झाले ४२ लाख. ड्युटी ११ लाख ६५ हजार! हे भांडण चालू असताना डेमरेजचं, म्हणजे बंदरात माल पडून राहिल्याच्या भाड्याचं, मीटर पळतच होतं.

इकडं उद्यमनगरातले एक जण (नाव घेत नाही, त्यांच्या पोरीच्या लग्नात जेवलोय) सांगत सुटले, "भंगार आणलंय, आन्‌ त्येबी सुटंना." एवढ्यावर थांबले नाहीत. अण्णांकडं जाऊन ते काम स्वतःला मागितलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा शेडवर आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. टूल कॅबिनेटला टेकून चार लाखांचा चेक लिहिला. "मजुरीतनं वळतं कर." व्याजाचं बोललो तर अशी शिवी हासडली की हेल्पर पोरं मशीन सोडून बघायला लागली.

मशीन सुटलं आणि ऑगस्टचा महापूर आला. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर, ट्रेलर कराडला उभा. त्याचं हॉल्टिंग, गाडी उभी राहिल्याचं भाडं, वेगळं.

पाणी ओसरल्यावर ताडपत्री सोडली. मशीन बसवून लेव्हल केल्यावर मिस्त्रींनी स्पिंडलचा (हत्यार धरून फिरणारा दांडा) टेपर फडक्यानं पुसला, टेस्ट बार घातला, डायल टेकवला आणि हातानं सावकाश फिरवलं. तीनशे मिलिमीटरवर काटा जेमतेम एक रेघ हलला. मिस्त्री बोलले काहीच नाहीत. चष्मा पुसला आणि परत एकदा फिरवलं. ते हाउसिंग आजही त्याच मशीनवर चालतंय.

नव्या पोरांना एक सांगतो. निर्यात आहे म्हणून ईपीसीजीत, निर्यातदारांना मशीनवरची ड्युटी सोडणाऱ्या सरकारी योजनेत, ड्युटी वाचवू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, जुनं मशीन त्यात बसत नाही. इन्व्हॉइस कमीचं करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला चहासुद्धा पाजू नका. आणि स्पिंडलचा नुसता व्हिडिओ बघून पैसे पाठवू नका, व्हिडिओत आवाज बंद असतो.

परवा उद्यमनगरच्या त्याच गृहस्थांचा फोन आला. तैवानचं जुनं मशीन बघतायत. "आयजीएसटी किती भरावा लागंल?" टक्के सांगितले. जुन्या किमतीच्या कागदाचं त्यांनी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.