डोळ्यांपुढची अंधारी

दुपारी आडवं झालं की हमखास दाराची बेल वाजते. परवाही वाजली. ताडकन उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पलंगाचा काठ धरून क्षणभर उभी राहिले, तेवढ्यात सगळं आपोआप जागेवर आलं. दारात कुणीच नव्हतं. मग त्या अंधारीचाच विचार करत बसले.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांना दाब घटल्याचं तिथल्या तिथे कळतं, त्या मेंदूला कळवतात, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. दिवसभरात आपण इतक्या वेळा उठतो-बसतो, पण या धावपळीचा पत्ता लागतो तो तिला जरा उशीर झाला तरच.

‘स्थिर राहायला शिका’ असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून वैताग येतो. शरीर कुठे स्थिर असतं? मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. असला कारभार एखाद्या कचेरीने केला असता तर चौकशी लागली असती. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये शरीरातलं सगळं जागच्या जागी राखण्याच्या या खटाटोपाला होमिओस्टॅसिस असं भारदस्त नाव दिलं.

लहानपणी ताप चढायला लागला की मी कुडकुडत म्हणायची, ‘थंडी वाजतेय.’ आई कपाळाला हात लावून म्हणायची, ‘अगं, अंग तर भाजतंय!’ काखेतला पारा १०३ दाखवायचा, तळपाय मात्र बर्फ. मला वाटायचं, आईचा विश्वासच नाही माझ्यावर. खरं तर दोघीही बरोबर होतो. मेंदूने ‘आता १०४ हवेत’ असं ठरवलेलं असतं आणि तिथवर पोचेपर्यंत शरीराला गारठाच वाटतो. म्हणून स्नायू थरथरतात, कातडीकडचं रक्त आत ओढलं जातं. मग मध्यरात्री कधीतरी तो हुकूम मागे घेतला जायचा, घामाने फ्रॉक चिंब व्हायचा आणि मी पांघरूण लाथाडायची. तेव्हाची भूक अजून आठवते.

तहानेचं तर मला नवलच वाटतं. घटाघटा पाणी प्यायलं की लगेच बरं वाटतं, पण ते पाणी रक्तात मिसळायला अजून वेळ असतो. घशातून खाली काय गेलं एवढ्यावरच मेंदू तहान मिटवून टाकतो. बेफिकिरी म्हणावी तर हिशोब सहसा चुकत नाही.

वय झालं की मात्र चुकतो. अंगातलं पाणी कमी होतं तरी तहान लागत नाही. आईला विचारलं की ती म्हणते, ‘नको गं, तहान नाहीये.’ खोटं बोलत नाही ती, तिला खरंच नसते. म्हणून आता मी विचारत नाही, भांडं तिच्या हातात देते आणि ती पिईपर्यंत तिथून हलत नाही.