२.१ स्पीकर संचाची निवड : क्रॉसओव्हरची कसोटी

संगणकासाठी सबवूफरसह (२.१, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि खर्जाच्या आवाजासाठी एक सबवूफर असा) स्पीकर संच निवडण्याचे काम आता दोन संचांवर येऊन ठेपले असून, या टप्प्यावर माझे सारे लक्ष सबवूफरच्या आकारावरून क्रॉसओव्हरकडे, म्हणजे ज्या वारंवारतेच्या खालचा आवाज सबवूफरकडे आणि वरचा छोट्या स्पीकरकडे जातो त्या सीमेकडे, वळले आहे. वॅटच्या आकड्यांचा निकाल लवकर लागला : पीएमपीओकडे (जाहिरातीतल्या फुगवलेल्या क्षणिक शक्तीकडे) पाहूच नये, आरएमएस (सलग देता येणारी शक्ती) तेवढा पाहावा, आणि शक्ती दुप्पट झाली तरी पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते हे ध्यानात ठेवावे.

पहिल्या संचाच्या सॅटेलाइटमध्ये, म्हणजे प्रत्येक छोट्या स्पीकरमध्ये, अडीच इंचांचा एकच ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा पडदा) आहे. एवढ्या लहान ड्रायव्हरला १५० हर्ट्झच्या खाली फारसा दम उरत नाही, त्यामुळे त्याखालचे काम सबवूफरवर पडते. परंतु पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारणपणे ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असल्याने निवेदकाचा आवाज काही अंशी टेबलाखालून येऊ लागतो. दुसऱ्या संचात चार इंची ड्रायव्हर आहेत आणि क्रॉसओव्हरची सीमा ८० हर्ट्झपर्यंत खाली आणता येते, जिथे आवाजाची दिशा कानाला ओळखू येणे कठीण होते. हा फरक मला तबल्याच्या ध्वनिमुद्रणात सर्वांत स्पष्ट ऐकू आला. डग्ग्यावर मनगट दाबत नेताना निघणारी मींड पहिल्या संचात मध्येच तुटून एका खोक्यातून दुसऱ्यात गेल्यासारखी वाटते, तर दुसऱ्या संचात ती सलग आणि समोरूनच ऐकू येते. माझ्या मते निवडीसाठी याहून चांगली कसोटी नाही.

जागेचा प्रश्न मात्र दोन्ही संचांना सारखाच आहे. चार मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झला स्थिर लहर (भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे जागच्या जागी राहणारी लहर) तयार होते, आणि बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची असल्याने नेमके तेच स्वर काही ठिकाणी फुगतात, तर काही ठिकाणी नाहीसे होतात. म्हणून सबवूफर तात्पुरता माझ्या बसण्याच्या खुर्चीवर ठेवून मी भिंतीलगत जमिनीपाशी कान नेऊन ऐकत गेलो आणि जिथे बास सर्वांत एकसारखा वाटला तिथे त्याला बसवले. कोपऱ्यात तो अधिक जोरकस होता, पण घुमत होता. त्यानंतर फेज स्विच (सबवूफरची लहर छोट्या स्पीकरच्या लहरीशी जुळवणारे बटण) ० आणि १८० अंशांवर फिरवून पाहिला व बैठकीच्या जागी क्रॉसओव्हरजवळचे स्वर ज्या स्थितीत अधिक भरीव ऐकू आले ती कायम केली.

माझा कल दुसऱ्या संचाकडे आहे. त्याच्या सबवूफरला पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याचे भोक) असल्याने मोठ्या आवाजात हवेची फुसफुस होते का, एवढे तपासणे बाकी आहे.