उलट्या, गीझर आणि गांजा

मेडिसिन वॉर्डातून मानसोपचार विभागाकडे आलेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं: 'वय २२, वारंवार उलट्या, दुर्बीण व सोनोग्राफी नॉर्मल, मानसिक कारण?' मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सिंहगड रोडला मित्रांबरोबर फ्लॅटवर राहणारा. आई बार्शीहून आलेली. वर्षभरात तीन दवाखाने झाले होते. प्रत्येक ठिकाणी सलाईन, ॲसिडिटीच्या गोळ्या आणि 'बाहेरचं खाऊ नको'. या वेळी रक्तातलं पोटॅशियम घसरून २.८ आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढून १.९. म्हणजे उलट्यांनी शरीर इतकं कोरडं पडलं होतं, की किडनीवर ताण यायला लागला होता.

निदान खरं तर सिस्टरांच्या तक्रारीतच होतं. "मॅडम, हा पोरगा बाथरूममधून बाहेरच येत नाही. सोलरचं सगळं गरम पाणी एकटाच संपवतो." पोटावर, पाठीवर कडक पाणी पडत राहिलं की मळमळ थांबायची, नळ बंद केला की परत सुरू. उलट्यांच्या रुग्णाकडून हे ऐकलं की गांजाचं विचारायचंच.

आईंना औषधं आणायला पाठवलं आणि मग विचारलं. केसपेपरवर प्रत्येक वेळी 'व्यसन: नाही' असं लिहिलेलं होतं, आणि त्याच्या मते ते खरंच होतं. दारू नाही, गुटखा नाही. गांजा तर 'नॅचरल'. म्हणून 'व्यसन आहे का' हा प्रश्न इथे बिनकामाचा. कशात भरून ओढतोस, दिवसाला किती, एक पुडी किती दिवस पुरते, सकाळी उठल्याउठल्या लागतो का, असंच विचारावं लागतं. उत्तर लगेच आलं: गोगो पेपरमध्ये (वळून ओढायचा कागद), सिगारेटची तंबाखू मिक्स करून, दिवसाला चार-पाच, तीन वर्षं. आणि वर, "पण मॅडम, मळमळलं की मी तेवढ्यासाठीच ओढतो. त्यानं बरं वाटतं."

गाडं अडतं ते इथेच. थोड्या प्रमाणात गांजा मळमळ कमी करतो, हे खरं आहे. रोज, भरपूर, वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांपैकी काहींमध्ये मात्र तो उलटतो. याला कॅनाबिस हायपरएमेसिस सिंड्रोम म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं, त्यातही गरम अंघोळीचा उल्लेख होता. नेमकं कसं घडतं याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. त्वचेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या टीआरपीव्ही-१ रिसेप्टरशी संबंध असावा, असं मानतात. मिरचीतला तिखट घटक, कॅप्सायसिन, याच रिसेप्टरवर काम करतो. म्हणून ०.०२५ ते ०.१ टक्का कॅप्सायसिनचं मलम पोटावर लावून पाहता येतं. हातमोजे घालून, आणि तो हात डोळ्याला न लावता.

नेहमीचं ऑन्डान्सेट्रॉन या उलट्यांवर बरेचदा चालत नाही. हॅलोपेरिडॉल जास्त उपयोगी पडतं, पण पोटॅशियम २.८ असताना ते घाईनं दिलं तर हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे आधी सलाईन, पोटॅशियम, ईसीजी. आणि ईसीजीतलं क्यूटी (लय बिघडण्याचा धोका सांगणारं अंतर) ठीक दिसल्यावर कमी डोस. तरुण मुलांची मान किंवा जबडा या औषधानं कधीकधी आखडतो, म्हणून प्रोमेथॅझिन हाताशी ठेवलं. पोट दुखतंय म्हणून ट्रामाडॉल चालू होतं, ते बंद केलं. अफूच्या वर्गातल्या अशा वेदनाशामकांनी मळमळ आणखी वाढू शकते.

दुसऱ्या दिवशी तो पेज प्यायला. सलाईननं बरं वाटलं, म्हणजे गांजाचा संबंध नव्हता, असं त्याला वाटू नये म्हणून बोलणं तेव्हाच केलं. पुरावा एकच: पूर्ण बंद केल्यावर उलट्या कायमच्या थांबणं. फ्लॅटवरच्या बाथरूममध्ये गॅस गीझर होता आणि खिडकी बंद. दार लावून तासभर त्याखाली उभं राहिलं तर कार्बन मोनॉक्साइडनं माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. गांजाच्या आधी हे सांगितलं.

आईंना सांगायचं का, हे त्यानं ठरवायचं होतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. पोलिसांची भीती त्याच्यापेक्षा मित्रांना जास्त होती. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ए नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. शेवटी त्यानं स्वतःच आईंना सांगितलं. त्या रडल्या, आणि मग "म्हणजे जठराला काही नाही ना?" असं दोनदा विचारून घेतलं.

सोडल्यावरचा पहिला आठवडा वाईट जातो. चिडचिड, भूक मरणं, झोप न येणं, आली तर भडक स्वप्नं. झोप सुरळीत व्हायला काही आठवडे लागतात. गांजा सोडवण्याची मंजूर गोळी नाही, समुपदेशन हेच मुख्य. पण मिक्समधली तंबाखू हमखास विसरली जाते. निम्मी तलफ निकोटिनची असते आणि नुसती सिगारेट चालू ठेवली की हात परत गोगोकडे जातो. म्हणून निकोटिन गम सोबतच सुरू केला.

तीन आठवड्यांनी आई तणतणत आल्या. मेडिकलमधून लघवीचं किट आणलं होतं आणि पट्टी पॉझिटिव्ह. गांजातला नशेचा घटक, टीएचसी, चरबीत साठतो. ५० नॅनोग्रॅमच्या वर पॉझिटिव्ह दाखवणारी पट्टी रोज ओढणाऱ्यात महिनाभर, क्वचित त्याहून जास्तही पॉझिटिव्ह राहू शकते. पाणी कमी प्यायलं तर गडद लघवीत आकडा वरही दिसतो. खरंच तपासायचं असेल तर प्रयोगशाळेत लघवीतल्या क्रिएटिनिनशी टीएचसीचं गुणोत्तर काढून, काही दिवसांच्या अंतरानं, ते उतरतंय का एवढं पाहायचं. किट घरी वापरायचं नाही, असं तिघांत ठरलं. एकदाही उलटी झाली नव्हती. वजन अडीच किलो वाढलं होतं.

पाकिटात ठेवायला त्याला एक कार्ड दिलं. कुठल्याही कॅज्युअल्टीत आधी ते दाखवायचं: निदान, पोटॅशियम आणि ईसीजी पाहा, ट्रामाडॉल नको. मागच्या बाजूला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६.