जंगलाचा हिशेब: आधी हेक्टर, मग रुपये

जीडीपीत तोडलेलं लाकूड दिसतं, उभ्या जंगलाने धरलेली माती दिसत नाही. असं न दिसणारं काम मोजायची चौकट संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२१ मध्ये स्वीकारली: आधी परिसंस्थेचं क्षेत्र, मग स्थिती, मग सेवा, म्हणजे माती-पाणी धरण्यासारखी तिची कामं, टनांत किंवा घनमीटरमध्ये, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

पहिल्याच पायरीला घोळ होतो. आपल्याकडच्या वनसर्वेक्षणात १ हेक्टर किंवा मोठ्या जागेवर १० टक्के वृक्षछत्र असलं की ते वनाच्छादन. म्हणजे कोकणातली आंबा-काजूची बागही त्यात येऊ शकते! त्यामुळे बागा वेगळ्या काढा.

आता माती. समजा, उघड्या उतारावरून हेक्टरी वर्षाला ४० टन माती वाहते, जंगल असताना ५ टन. वाचली ३५. हिला थेट धरणातला गाळ काढण्याच्या दराने गुणू नका, कारण सगळी माती धरणापर्यंत पोचत नाही, वाटेत ओढ्या-बांधांत अडकते. ३० टक्के पोचते असं धरलं तर मोजायचे १०.५ टन. हा टक्का न लावल्याने आकडा तिपटीहून जास्त फुगतो, आणि मग अर्थखातं अख्खा अहवालच बाजूला ठेवतं.

जंगलातल्या मधमाश्या शेतात करतात त्या परागीभवनाचं मोल पिकाच्या उत्पन्नात आधीच असतं. ते वेगळं दाखवा, पण जीडीपीत पुन्हा मिळवू नका.